काचकिनबायचं निदान

किर्गिझस्तानातल्या आमच्या नारीन गावच्या शाळेत काचकिनबाय नावाचा व्यायामशिक्षक होता. तरुणपणी कुस्तीत एकदा कांस्यपदक मिळालेलं. तेवढ्यावर हा माणूस तीस वर्षं छाती काढून हिंडला. लग्नातसुद्धा गळ्यात शिट्टी. पळताना कुणी पडलं की याचं निदान ठरलेलं: आळस. मी तिथेच गणित शिकवायचे, त्यामुळे त्याचं हे वैद्यकशास्त्र रोज कानावर पडायचं.

उमसुनाय आठशे मीटर पळायची. सोळा वर्षांची, अबोल. मे महिन्यात दुसऱ्या फेरीत ती भर वेगात तोंडावर आपटली. हातसुद्धा पुढे आले नाहीत, समोरचा दात तुटला. मिनिटभराने शुद्धीवर आली. काचकिनबाय म्हणाला, सकाळी नुसता चहा ढोसून येते, दुसरं काय. पंधरा दिवसांनी ती पुन्हा तशीच पडली, तेव्हा मीच तिला आणि तिच्या आईला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर गुलबुबूंनी आधी एकच गोष्ट खोदून विचारली: पळताना पडली की थांबल्यावर? थांबल्यावरची चक्कर बहुधा साधी असते. पळता पळता शुद्ध गेली तर पहिला संशय हृदयावर. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? आईने मान खाली घालून सांगितलं, माझा भाऊ इसिक-कुल तलावात बुडाला, पट्टीचा पोहणारा असून. ईसीजी ठीक आला, हृदयाची सोनोग्राफीही.

हे कळताच काचकिनबाय दवाखान्यात हजर.

"सगळं ठीक आहे ना? मग शनिवारच्या शर्यतीत पळू दे. पोरगी नाटकी आहे."

"मास्तर," डॉक्टर म्हणाल्या, "हा ईसीजी ती आडवी पडलेली असतानाचा आहे. शुद्ध जाते ती पळताना."

त्यांनी तिला राजधानीत, बिश्केकला पाठवलं. तिथे अंगाला तारा लावून, डॉक्टर शेजारी उभे ठेवून तिला फिरत्या पट्ट्यावर पळवलं. वेग वाढला तसे ठोके वेडेवाकडे पडायला लागले. पट्टा लगेच थांबवला. ठोक्यांचा जन्मजात दोष निघाला, घराण्यातून उतरलेला. रोज गोळी, शर्यती बंद. मग धाकट्या बहिणीलाही तपासायचं ठरलं, तेव्हा उमसुनाय तिचा हात धरून स्वतःच घेऊन गेली. बहीण निर्दोष निघाली.

उमसुनाय आता पोस्टात नोकरीला आहे. काचकिनबाय निवृत्त झाला, त्या जेवणात मटणाचा घास चघळत त्याने सांगितलं की मुलीच्या हृदयाची शंका सर्वांत आधी त्यालाच आली होती. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "तू तिला शनिवारी पळवणार होतास."

तो हसला आणि आणखी रस्सा मागितला.