तीनशे चार, तीनशे सोळा आणि माझं चुंबक

पंचावन्नाव्या वर्षी मी अगदीच कोवळी आणि मूर्ख होते. आता नुसती मूर्ख आहे, त्यामुळे तेव्हाच्या त्या बाईबद्दल मोकळेपणाने लिहिता येतं.

मुलाचं एमआयडीसीत स्टीलचं वर्कशॉप. पाइपांचे वाकडे जोड बनवतो. एल्बो म्हणतात त्यांना. त्याला परदेशातली पहिली ऑर्डर मिळाली होती. समुद्रकाठी मासे खारवणाऱ्या कारखान्याला तीनशे सोळा नंबरच्या स्टीलचे एल्बो हवे होते. मंगळवारी माल निघाला नाही, तर ही पहिली ऑर्डरच शेवटची ठरणार होती. शेजारीच तीनशे चार नंबरचे एल्बो पडलेले, इथल्या डेअरीसाठी. दिसायला दोन्ही जुळे. फरक काय तो वर मार्करने लिहिलेल्या आकड्यांचा.

रविवारी मुलगा खोकी आणायला गेला आणि जाताना त्याने मला राखणीला बसवलं. परदेशी जाणारा माल, आणि त्यावर निळी शाई! नव्या भांड्यावरचं लेबल न काढता आपण कधी कुणाला भांडं देतो का? मी पदर खोचला, थिनरचा डबा शोधला आणि एकूण एक एल्बो लख्ख पुसला.

मग पर्समधलं चुंबक काढलं. काष्टीच्या बाजारात मी त्याच्याशिवाय भांडं घेत नसे. चिकटलं की भांडं परत, वर दुकानदाराला दोन शब्द फुकट. इथे एकालाही चिकटलं नाही. सगळा माल अस्सल! मग दोन ढीग कशाला? छान एकच रचून ठेवला.

मुलगा आला, तो ढीग आणि माझ्या हातातलं चुंबक पाहून जमिनीवरच बसला.

"आई, चुंबक या दोन्हींना चिकटत नाही गं."

"मग बिघडलं काय?"

"मिठाला तीनशे सोळाच टिकतं. तीनशे चार गेलं तर तिकडे खारात भोकं पडतील."

मिठाला! लोणचं स्टीलच्या डब्यात भरलं म्हणून जावेला महिनाभर टोमणे मारणारी बाई मी. शहाणपण होतं, पण ते स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नव्हतं.

"सगळे लोणच्यात बुडवू," मी सुचवलं. "डाग पडेल तो तीनशे चार."

"गाडी मंगळवारी आहे, आई. तुझं लोणचं मुरायला महिना लागतो."

शेवटी स्टील विकणाऱ्याने पारखायचं औषध दिलं. एल्बोवर एक थेंब, त्याला छोटी बॅटरी लावायची. रंग बदलला तर तीनशे सोळा. सोमवारी दिवसभर मी थेंब सोडत होते आणि मुलगा निवडत होता. आकडा परत कुणी पुसू नये (कुणी म्हणजे मीच) म्हणून भांड्यांवर नावं घालणाऱ्याला बाजारातून मशीनसकट उचलून आणलं होतं. तो निवडलेल्या एल्बोंवर आकडा कोरत बसला.

"काकू, आकडा घातला. फुडं नेहमीचं घालू व्हय?"

माझं सगळं लक्ष थेंबाकडे. "घाला की."

माल वेळेत गेला. काही आठवड्यांनी मेल आला: तपासणीत सगळे एल्बो पास, सोबत दुसरी ऑर्डर. आणि एक प्रश्न: आकड्यापुढच्या अक्षरांचा अर्थ काय?

मुलाने फोटो मोठा केला. प्रत्येक एल्बोवर, वळणदार अक्षरात, 'सप्रेम भेट'.

"आता काय कळवू?"

"कळव, आईने स्वतः तपासल्याची खूण आहे."

त्याने खरंच कळवलं. आता ते प्रत्येक ऑर्डरीत ती खूण मागतात. थिनरचा डबा मात्र मुलाने कुलपात ठेवला, तो अजून तिथेच आहे.