सरांचा अमोनाइट

मास्क हनुवटीवर ओढायचा, बोट जिभेला लावायचं आणि ते ओलं बोट लोकांच्या उंबऱ्यावर घासायचं, हा सरांचा रोजचा उद्योग. तोही कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात! "बघ, ओलं केलं की दिसतं," म्हणायचे. करड्या दगडात पांढऱ्या चकत्या उमटायच्या. समुद्रातल्या कुठल्याशा जिवाचे देठ म्हणे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. खिडकीतून एखादी डच आजी "मेनेऽर!", म्हणजे 'अहो महाशय!', म्हणून खेकसली की माफी मागायला मी.

सर म्हणजे डीमन या डच गावातल्या माझ्या शेजारणीचे वडील. लेकीच्या बाळंतपणासाठी फेब्रुवारीत आले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले. तिकडे महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलेलं. घरात तान्हं बाळ, म्हणून त्यांना फिरवून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून माझं डोकं फिरलेलं असायचं, पण दाराबाहेरून "चल गं" ऐकू आलं की मी मुकाट्याने बूट घालायचे. अशा माणसांना नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

"आपल्याकडे सगळा बेसाल्ट," हे त्यांचं पालुपद. "लाव्हाच तो! त्यात शंखशिंपले कुठून टिकणार?"

एका संध्याकाळी कालव्याकाठी, मी बाकाच्या या टोकाला आणि ते त्या टोकाला बसलेले असताना, ते एकदम म्हणाले, "मी पोरांशी खोटं बोललोय गं."

कॉलेजात अमोनाइटचा प्लास्टरचा नमुना होता. अमोनाइट म्हणजे मेंढ्याच्या शिंगासारखं वेटोळं कवच असलेला, कधीच नामशेष झालेला समुद्रातला प्राणी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, हा तुम्ही स्वतः शोधलात?" आणि या गृहस्थांच्या तोंडून निघून गेलं, "हो, इंग्लंडच्या किनाऱ्यावर." मग दर वर्षी तेच सांगणं आलं.

"पुढे पुढे तर मी तिथल्या भरतीचं वर्णनसुद्धा करायचो!"

मला हसू फुटलं. ते मात्र हसले नाहीत. येतानाच त्यांनी ब्रिटनचा व्हिसा काढून ठेवला होता आणि तो ऑगस्टमध्ये संपणार होता. एकदा तिथे जायचं, स्वतःच्या हाताने एक तरी अमोनाइट शोधायचा. म्हणजे निदान बोललेलं खरं होईल.

जुलैत जायची परवानगी मिळाली. "बाबा, या वयात? या दिवसांत?" लेक म्हणाली. "मी नेते," मी म्हटलं, आणि गाडी बोटीवर चढवली.

डॉर्सेटचा तो किनारा! वर हिरवंगार गवत, खाली काळेकरडे उंच कडे आणि पायथ्याशी समुद्र. सर म्हणाले, "अगं, मी सांगायचो तस्संच आहे की!" आणि डोळे पुसले.

कडे फोडायचे नाहीत, खाली सुटं पडलेलं तेवढं उचलायचं, असा तिथला नियम. चार तास सर कमरेत वाकून दगड उलटत होते. गुडघे दुखायला लागले, पण हाती काही लागेना. भरती चढू लागली. दुसऱ्या दिवशी आमची परतीची बोट होती.

आणि कंटाळून बसलेल्या माझ्या हाताखाली सापडला! रुपयाच्या नाण्याएवढा, पण वेटोळं अगदी रेखीव. जन्मात कधी दगडाकडे ढुंकून न बघितलेली मी! सरांची पाठ माझ्याकडे होती. मी तो हळूच त्यांच्या बुटांशी सरकवला.

"सर, तिथे बघितलंत का?"

ते वाकले. उचलला. बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सापडला," एवढंच म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या हुशारीवर मी फार खूश होते.

ऑक्टोबरात सर घरी गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत गेलेच. त्यांच्या लेकीला तेव्हा जाताही आलं नाही. पुढे गेली तेव्हा ती कॉलेजात जाऊन आली आणि प्रयोगशाळेतल्या कपाटाचा फोटो मला पाठवला. मी मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला आणि ढसाढसा रडले.

प्लास्टरच्या नमुन्याखाली सरांच्या अक्षरात चिठ्ठी होती: "हा मी कुठूनही आणलेला नाही. विद्यार्थ्यांनी क्षमा करावी."

शेजारी तो नाण्याएवढा. त्याच्याखाली लिहिलं होतं: "अमोनाइट, डॉर्सेट. शोधणारी, माझी डीमनची शेजारीण. मी फक्त उचलला."