सातवीतली दुसरी मुलगी

आमच्या शाळेत शिपायाच्या जागेवर मावशी होती. मुख्याध्यापक तिच्याहून मोठे, पण तेही तिला मावशीच म्हणत. घंटा, पाण्याची टाकी, किल्ल्या सगळं तिच्या ताब्यात. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

पाचवी ते आठवीची सरकारी शाळा. तरुण मंडळी कामामागे दूर गेलेली, त्यामुळे पट दरवर्षी घसरायचा. वरून विचारणा व्हायची, मुलं कमी का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सातवीत मुली दोनच. त्यातल्या एकीच्या वडिलांची बदली झाली आणि सुताराची थोरली एकटी उरली. दुसऱ्या दिवसापासून तीही येईना.

मी आणि मावशी तिच्या घरी गेलो. सुतार रंधा थांबवून म्हणाला, "सर, शाळेवर राग नाही माझा. पण सगळे मुलगे आणि ही एकटी? शेजारी कुणी बाईमाणूस असेल तर पाठवतो."

"मी बसते," मावशी म्हणाली.

"तुम्ही?"

"का, मी काय बाप्या आहे?"

सुताराला हसू आलं, आणि तिथेच तो सापडला.

मावशी सातवीच्या बाकावर बसू लागली. गुडघे बाकाखाली मावत नसत. तास संपला की उठून घंटा द्यायची आणि परत येऊन बसायची. अपूर्णांकांनी तिचा जीव खाल्ला. "अर्ध्याला अर्ध्याने भागून एक? माझ्या घरात तर भागलं की कमीच होतं." पोर वहीआड हसायची, मग हळूच समजावायची. आपल्याला शिक्षिका व्हायचंय, हे तिने पहिल्यांदा मावशीलाच सांगितलं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी बाकावर मावशीला पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "मावशी, तुम्ही पटावर असता तर बरं झालं असतं," ते गमतीने म्हणाले.

मावशी उठून उभी राहिली. "मग घाला की माझं नाव."

"वय बसत नाही हो," साहेब म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

सुट्टीत, पट कमी म्हणून, शाळा कायमची बंद झाली. मुलांची नावं लांबच्या मोठ्या शाळेत गेली, मावशीची बदली सरकारी गोदामात झाली. त्या शाळेत घ्या म्हणून तिने अर्ज केला, मी साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तिथे शिपाई आधीच जास्त होते. आमच्या हातात काही उरलं नाही.

तरी आम्ही सुताराकडे गेलोच. तिथे मुली भरपूर आहेत, मी सांगितलं.

"तिथे असतील. पण इथून जाणाऱ्या बसमध्ये सगळे मुलगेच ना?" त्याने मावशीकडे पाहिलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. "तुम्ही बसाल का शेजारी?"

मावशीचं गोदाम तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि हजेरी सकाळीच लागायची.

पोर दारात उभी होती. तिने मावशीच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. "तू तरी किती बसणार होतीस."

आणि बापाच्या पायाशी पडलेल्या ढलप्या गोळा करायला ती खाली बसली.