पाच मोजेपर्यंत

लेबनॉनमधल्या आमच्या जाहलेत नसीफ शिंप्याच्या शिलाईपेक्षा त्याच्या शिट्टीचीच चर्चा जास्त. तो बास्केटबॉलचा पंच. मी बाजूच्या टेबलावर गुण लिही, सलग बावीस वर्षं. धक्का लागला की लगेच शिट्टी, असं त्याचं नव्हतं. त्या धक्क्याने कुणाचं अडलं का, हे आधी बघे.

फ्री थ्रोसाठी, म्हणजे धक्का बसलेल्याला मिळणाऱ्या मोकळ्या फेकीसाठी, चेंडू हातात आला की पाच सेकंदांत टाकायचा, नाहीतर फेक बाद, हा नियम. आमची मुलं आधी क्रुसाची खूण करतात, गळ्यातल्या पदकाचं चुंबन घेतात. तोवर नसीफ चेंडू स्वतःजवळच ठेवी. मोजणी चेंडू दिल्यावरच सुरू होते ना!

१४ मे १९९४, शनिवार. बालबेकच्या संघाशी अंतिम सामना. पूर्वार्धात त्यांच्या महदीला फ्री थ्रो मिळाली. नसीफने चेंडू लगेच दिला. महदीने तो पायांत धरला, तळहात उघडले, ओठ हलवू लागला. पाच झाले. शिट्टी. आमच्या लोकांनी टाळ्या पिटल्या.

मध्यंतरात नसीफ टेबलाशी पाणी प्यायला आला.

"जिर्यसच्या आई," माझ्या मुलाच्या नावानेच तो मला हाक मारी, "आपल्या मुलांसाठी मी थांबतो. त्याच्यासाठी का नाही थांबलो?"

तो पेला ठेवून सरळ महदीकडे गेला. "चुकलो, बाळ. भरपाई देता येणार नाही. पण पुढे थांबेन."

महदी हसला. "आजोबांनी शिकवलेली दुआ जरा लांब आहे, पंचसाहेब!"

उत्तरार्धात तो दोन्ही संघांसाठी थांबला.

शेवटचे तीन सेकंद. आम्ही एका गुणाने मागे, आणि फ्री थ्रोवर गत्तास, नसीफच्या बहिणीचा मुलगा. खूण झाली, पदक झालं, नसीफने चेंडू दिला. गत्तासने चेंडू कमरेशी धरून पुन्हा खूण सुरू केली.

"टाक रे मेल्या, टाक!" वदाद, त्याची आई, ओरडली.

पाचावर शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

"देवाचं नाव घेताना मोजलंस?" वदादने भावाला सगळ्यांदेखत गाठलं. "उद्या माझ्या दारात येऊ नकोस!"

"देवाला नाही मोजलं गं. चेंडूला मोजलं."

बायको गेल्यापासून नसीफचं रविवारचं जेवण बहिणीकडेच. दुसऱ्या दिवशी मिठाईचा पुडा घेऊन तो तिच्या दाराशी उभा असलेला मला समोरच्या सज्ज्यातून दिसला. हात काही घंटीकडे जाईना.

दार गत्तासनेच उघडलं. "मामा, मी खिडकीतून मोजतोय. तीन झाले."

"चार!" आतून वदाद ओरडली. "आण त्याला आत, मटणाचं किब्बे गार होतंय. वाढीन, पण बोलणार नाही."