गच्चीवरची अकरा माणसं

सुदामा नगरातल्या सुशांत बोडसांना ऑफिसात सगळे ‘बंद-चालू भिया’ म्हणायचे. कॉम्प्युटर अडला, प्रिंटर रुसला, की फोनवर त्यांचा एकच मंत्र: बंद करा, चालू करा. चौदा वर्षं या मंत्रावर संसार चालवला माणसानं, आणि वर तोरा केवढा!

अशा माणसाला आपत्ती पथकात तांत्रिक मदतनीस म्हणून घेतलं आणि पाच दिवस महूला प्रशिक्षणाला धाडलं. तिसऱ्या दिवशी खोट्या पुराची तालीम होती. वायरलेसवर खरखर सुरू झाली. बोडसांनी सवयीनं सगळ्यांचे सेट जोडणारा रिपीटरच बंद करून चालू केला. तो जागा व्हायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात कागदावरची होडी भलत्याच घाटाला लागली.

"बोडसजी, तीन माणसं मेली," तालीम घेणारे निवृत्त सुभेदार विजय धुमाळ शांतपणे म्हणाले. "चला, बाकीच्यांनी चहा घ्या. यांना देऊ नका, यांना सुतक आहे."

सगळे खो-खो हसले. बोडसही हसले, पण दुपारी ताट तसंच ठेवून उठले. उरलेले दोन दिवस धुमाळांनी त्यांना बटनापासून लांब बसवून खरखरीतून शब्द वेचायला लावलं.

ऑगस्टमध्ये नदीकाठच्या एका गावात खरंच पाणी शिरलं. शाळेच्या गच्चीवर पोरांसकट अकरा माणसं अडकली. त्यांच्यातल्या पूर्णिमा मॅडमकडे गावाला दिलेला वायरलेस होता. इकडे ऑफिसात वायरलेसवर बोडस बसले होते. आवाज तुटत होता.

"अरे बोडसजी, रिस्टार्ट मारो ना!" मागून साहेब ओरडले.

"नाही मारणार, सर. लाइन गेली तर ती माणसं हातची जातील."

गावात शाळा दोन. कुठली, हे तीनदा विचारून बोडसांनी पथकाची होडी तिकडे वळवली. पोचायला पाऊण तास होता.

"भिया, बोलत राहा," पूर्णिमा मॅडम म्हणाल्या. "तुम्ही गप्प झालात की पोरं रडतात."

बोडसांनी पथकातल्या बाकीच्यांना दुसऱ्या चॅनलवर हलवलं. पण बोलायचं काय? आजवर फोन लवकर कसा ठेवायचा, एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी प्रिंटरचे किस्से सांगितले, बायकोशी झालेली भांडणं सांगितली, त्यातली हरलेलीसुद्धा. पोरं तिकडे फिदीफिदी हसत होती. घसा पार बसला.

शेवटी होडीवाल्याचा आवाज आला, "गिन लिए साहब. पूरे ग्यारह."

सगळ्या ऑफिससमोर बोडस ढसाढसा रडले.