खिशानंतरचा शर्ट

कारखान्यात तिला सगळे खिसाताई म्हणत. शर्टाचा डावा खिसा, एवढंच तिचं काम. कापलेला पुढचा भाग समोर यायचा, ती खिसा लावायची, भाग पुढच्या मशीनवर जायचा. उभी हयात त्यात गेली, आणि खिसा असा बसायचा की सुपरवायझरलाही नाक मुरडायला जागा नसे.

लेकीला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वीजकेंद्रात नोकरी लागली. "आई, पहिल्या दिवशी तू शिवलेलाच शर्ट घालणार मी," तिने जाहीर करून टाकलं. खिसाताई हुरळून गेली. आकाशी रंगाचा शर्टपीस आणला, सुट्टीच्या दिवशी शेजारणीच्या मशीनवर बसली आणि झोकात खिसा लावून मोकळी झाली. मग कापड झटकून पाहिलं, तर ते अख्खंच्या अख्खं, आणि मधोमध एक देखणा खिसा. कापायचं राहूनच गेलं होतं. कापड कापावं लागतं हे तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. उसवावं तर तलम कापडावर भोकं राहणार. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे कॉलर, बाही यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आता लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने कापड आणि लेकीची मापं कटिंग मास्तरपुढे ठेवली. मास्तर पोट धरून हसला.

"शर्टाला खिसा लावतात, खिसाताई. तुम्ही खिशाला शर्ट लावायला निघालात."

"मग द्या ना लावून," ती म्हणाली. "पोरगी उद्या सकाळी निघतेय."

मास्तरचं हसू मावळलं. कापड इकडून तिकडून फिरवून त्याने खिसा बरोबर छातीवर येईल असं डावं अंग कापलं. तिथून तुकडे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर निघाले ते निघालेच. कॉलरवाली समुद्राकाठची, तिचं बोलणं निम्मंच कळे. तिने डबा बाजूला सारला. बाहीवाला डोंगरातला. काजं करणाऱ्याची बोली तर कारखान्यात कुणालाच येत नसे. त्याने नुसता हात पुढे केला. सुट्टी संपल्याची घंटा झाली, तेव्हा सुपरवायझर खिडकीबाहेर काहीतरी बघत उभा राहिला.

खिसाताई शर्टामागून चालत होती. इतक्या वर्षांत ती आपल्या मशीनपलीकडे कधी गेलीच नव्हती. आपल्या खिशानंतर एवढं सगळं होतं, एवढी माणसं असतात, हे ती पहिल्यांदाच पाहत होती. शेवटी इस्त्रीवालीने गरम शर्ट हातात ठेवला, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

सकाळी बसस्थानकावर ही गर्दी. खिसाताई आजवर माणसांचे फक्त खिसे बघत आली होती. आज तिला कॉलरी दिसल्या, बाह्या दिसल्या, काजं दिसली. पेंगणारे, भांडणारे, पोरांना ओढत नेणारे सगळे कुणाकुणाचे हात अंगावर घेऊन चालले होते, आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. ती थक्क होऊन बघतच राहिली.

"आई, कुठे हरवलीस?" लेकीने आजच अंगात घातलेल्या शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "तिकडे विचारलं कुणी, तर सांगेन, माझ्या आईने शिवलाय."

खिसाताईने तिची कॉलर उगाचच सारखी केली.

"माझा एवढा खिसाच, बाई. बाकीच्यांची नावं सांगायला बसले, तर बस चुकेल तुझी."