बेचाळिसावा प्रश्न

संस्थेला पाठवलेल्या पत्रात मी एक्केचाळीस प्रश्न विचारले होते. झोपते किती वाजता, कोणत्या लशी झाल्यात, अंधाराला भिते का, केस धुताना रडते का. सतरावा प्रश्न होता, खायला काय आवडतं. सोलापूरजवळच्या त्या संस्थेतल्या मावशींनी सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं होतं, ‘सगळं खाते.’ मी पुढे बरोबरची खूण केली आणि विषय संपवला.

आम्ही दोघं चाळिशी ओलांडलेले. दत्तकाच्या फॉर्मवर अपंग मूल चालेल का, अशी एक चौकट होती. मी तिथे ‘हो’ लिहिलं तेव्हा नवरा म्हणाला, “तुला काय, काम मिळालं म्हणजे झालं.” त्याचाही होकारच होता, त्याची होकार द्यायची पद्धत तशी आहे.

२००४ च्या जूनमध्ये पाच वर्षांची मुलगी सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये आली. तिची दोन्ही पावलं जन्मापासून आत वळलेली होती. पावलांच्या बाहेरच्या कडांवर ती चालायची, डुलत डुलत, पण चांगल्या वेगाने. मी घर तयार ठेवलं होतं. बाथरूममध्ये धरायला दांडे, तिच्या उंचीवर कपड्यांच्या खुंट्या, जेवणाच्या टेबलाशी पाय टेकायला पाट लावलेली उंच खुर्ची. हाडांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट ती यायच्या आधीच घेऊन ठेवली होती.

डॉक्टरांनी पावलं तपासली आणि ऑपरेशनने ती सरळ होतील असं सांगितलं. वय वाढेल तसं काम अवघड होत जाणार, म्हणून सप्टेंबरमध्येच करू म्हणाले. फक्त वजन कमी होतं. एकतीस पौंड. पस्तीस झाल्याशिवाय भूल द्यायची नाही.

चार पौंड आणि हातात तीन महिने. मला वाटलं, यात काय अवघड आहे? मी फ्रिजवर तक्ता लावला. तीन रकाने: काय दिलं, किती खाल्लं, शेरा. पहिल्या आठवड्यात वरण-भात दोन घास, पोहे एक घास, थालीपीठ शून्य. दुसऱ्या आठवड्यात पॅनकेक, मॅक अँड चीज, शिरा, केळ्याचं शिकरण. शेऱ्यात दर वेळी तेच: ‘ताटाकडे बघत बसली.’ रडणं नाही, हट्ट नाही. मांडीवर हात ठेवून शांत बसायची आणि ताट गार व्हायचं. अधूनमधून दरवाजाकडे बघायची. मला वाटायचं, तिला खेळायला जायचंय. काय झालं विचारलं की “काही नाही” म्हणायची.

आमच्या घरातल्या जेवणाबद्दलही सांगायला हवं. मी ओट्याशी उभ्याने दोन घास खायचे, कारण तेवढ्यात डिशवॉशर लावून होतो. नवरा कंपनीच्या शटलने आठला यायचा आणि ताट घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचा. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं. त्यात काही वावगं आहे, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात वजन केलं. एकोणतीस. त्या दिवशी मी तक्ता फ्रिजवरून काढला आणि परत लावला. दुसरं काय करायचं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिच्यासमोर उपमा ठेवला आणि संस्थेत फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. हात मोकळे राहावेत म्हणून मी फोन स्पीकरवर टाकते. मावशींनी उचलला, पण त्या घाईत होत्या. “ताई, जरा थांबा हं, वाढायचं चाललंय,” म्हणाल्या आणि रिसीव्हर तसाच बाजूला ठेवला. ताटांचा खणखणाट, कुणाला तरी रागावणं, मग सगळं एकदम शांत. आणि तीस-चाळीस मुलांनी मिळून जेवणाआधीचा श्लोक सुरू केला, बेसूर आणि जोरात.

मी पेन शोधत होते. वळून पाहिलं तर आमची मुलगी खुर्चीवर मांडी घालून ताठ बसली होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले, तोंडाने श्लोक चालू. तो संपल्यावर तिने डोळे उघडले आणि उपमा खायला लागली. थांबली ती बशी पुसूनच.

“हां, बोला ताई. काय विचारायचं होतं?” मावशी फोनवर परत आल्या.

मी म्हटलं, “ती जेवायला कशी बसायची?”

त्यांना हसू आलं. पंगतीत, म्हणाल्या, दुसरी कशी? सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, हा संस्थेचा नियम. “आणि श्लोक तीच सुरू करायची. बाकीची पळत हात धुवायला जायची. हिला पळता यायचं नाही, म्हणून ही आधी हात धुऊन जागेवर बसलेली. मोठी मुलंसुद्धा तिच्यासाठी थांबायची.”

म्हणजे तीन आठवडे ती आमची वाट बघत होती.

त्या दिवसापासून उंच खुर्ची गॅरेजमध्ये गेली. नवऱ्याने बॉसला सांगून आधीची शटल धरायला सुरुवात केली. साडेसहाला जमिनीवर तीन ताटं. पहिल्या दिवशी मांडी घालताना तो इतका कण्हला, की मुलीने त्याच्या गुडघ्यांकडे पाहून विचारलं, “याचं पण ऑपरेशन आहे का?” मग शेजारची निवृत्त शिक्षिका मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी जेवायला येऊ लागली. तिला श्लोक येत नव्हता, पण हात जोडून शेवटपर्यंत ती पुटपुटायची. मी तक्त्यात चौथा रकाना काढला: पंगतीला किती जण. चार असले की दुसऱ्यांदा भात मागितला जायचा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वजन साडेपस्तीस भरलं. डॉक्टरांनी मला विचारलं, काय खायला दिलंत? मी म्हटलं, उपमा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला उपाशी राहायचं होतं. मी ते तिला तीन वेळा समजावलं. तिने फक्त, आम्हीही खाणार नाही ना, याची खात्री करून घेतली. कॅफेटेरियात नवऱ्याने गुपचूप प्यायलेली कॉफी तिने त्याच्या शर्टाच्या वासावरून ओळखली आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं, थेट भूल देईपर्यंत.

संध्याकाळी ती खोलीत परत आली. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत जांभळं प्लास्टर, तिनेच निवडलेला रंग. नर्सने ट्रेमध्ये लाल जेली आणून ठेवली आणि निघाली. मुलीने पलंगावर हात आपटला. “मावशी, सिट.”

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की ती एकटी जेवत नाही. नर्स पलंगाच्या कडेवर बसली. नवऱ्याने खिशातली बिस्किटं काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली. मुलीने एकेकाच्या हाताकडे बघून खात्री केली, त्याच्याकडे जरा जास्त वेळ, आणि मग श्लोक सुरू केला.

मी पर्समधून तक्ता काढला. जेली, पूर्ण. पंगतीला चार.